विंडोज २००० चं जुनं यंत्र आहे तसं व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवायचं आहे

सुईदोरा

नमस्कार मंडळी. हा विभाग आजवर नुसता वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

आई गेली पंचवीस-सव्वीस वर्षं बोलीतले शब्द आणि म्हणी गोळा करतेय. आधी कार्डांवर लिहायची. २००१ साली संगणक घेतला आणि सगळं त्यात गेलं. पेंटियम ३, १२८ एमबी रॅम, २० जीबीची डिस्क, विंडोज २०००. त्यावर शब्दसूचीचं एक सॉफ्टवेअर आहे. टायपिंग, अकारविल्हे, छपाई सगळं तेच करतं. त्याचे फाँट त्याचे स्वतःचे, युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या) आधीचे. बनवणारी मंडळी कधीच दुकान बंद करून गेली. यंत्राच्या मागे प्रिंटरच्या भोकात करंगळीएवढी राखाडी चावी खोचलेली असते. ती काढली की सॉफ्टवेअर उघडतं, पण नवी नोंद आणि छपाई बंद.

आता पंखा गिरणीसारखा आवाज करतो आणि बोर्डावरचे दोन कपॅसिटर वरून फुगलेत. सॉफ्टवेअर नव्याने टाकावं म्हटलं, तर ते तीन फ्लॉपींवर आलं होतं आणि दुसरी वाचली जात नाही. विंडोज २००० ची सीडी मात्र जपून ठेवलेली आहे.

म्हणून अख्खं यंत्रच उचलून माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) ठेवावं असं डोक्यात आलंय. कुणी केलंय का? सुरुवात कुठून करू?

शून्यशेष

सुरुवात यंत्र बंद करण्यापासून. आत्ता. फुगलेले कपॅसिटर घेऊन रोज चालू-बंद करू नका.

डिस्क बाहेर काढा. ४० पिनांची आयडीई (जुन्या जोडणीची) असेल, तिला यूएसबी अडॅप्टर मिळतो. सोबत वीजपुरवठ्याची वेगळी वायर आहे ना ते बघून घ्या, ३.५ इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. डिस्कच्या मागचा जंपर मास्टरवर ठेवा. मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या साधनाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब नक्कल, घ्या. अख्ख्या डिस्कची म्हणजे अख्ख्या डिस्कची, नुसत्या सी ड्राइव्हची नाही. पहिल्या सेक्टरमध्ये विभाजनाचा तक्ता आणि बूटचा कोड असतो, तोही हवा.

साधं डीडी वापरू नका. खराब सेक्टर आला की ते तिथेच थांबतं. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग घेऊन मोकळं होतं, मग मागे वळून अवघड जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. कुठवर आलो याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं, म्हणजे वीज गेली तरी तिथूनच पुढे.

प्रतिमा झाली की तिची दुसरी प्रत करा आणि जे काय खेळायचं ते प्रतीवर.

रिकामीफ्लॉपी

दुसरी फ्लॉपीच का खराब होते नेहमी? पहिली आणि तिसरी आयुष्यभर ठणठणीत. यावर संशोधन व्हायला हवं.

सुईदोरा

@शून्यशेष, यंत्र बंद केलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग 'ठ' अर्धा राहिलाय त्याचं काय?"

कंसातला

विरोधी सूर लावतो. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आईंना हवेत ते शब्द, विंडोज २००० नव्हे. ती सॉफ्टवेअरं बहुतेक डीबीएफ या जुन्या डेटाबेस फाइलीत माहिती ठेवायची. फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा, स्प्रेडशीट करा, युनिकोडमध्ये बदला, विषय संपला. व्हर्च्युअल मशीन म्हणजे पडकं घर पाडण्याऐवजी त्याच्यावर दुसरं घर बांधून झाकून ठेवणं. पुढच्या दहा वर्षांनी ते व्हर्च्युअल मशीन हलवायला पुन्हा धागा काढाल.

टाचणी

@कंसातला, "युनिकोडमध्ये बदला" हे तुम्ही दोन शब्दांत संपवलंत. मी हे काम हाताने केलंय, म्हणून सांगते.

त्या काळचे फाँट अक्षरं साठवत नव्हते, अक्षरांचे तुकडे साठवत होते. 'ग' म्हणजे अर्धा ग आणि पुढे काना, असे दोन वेगळे संकेत. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी म्हणून साठवलीही आधी, म्हणजे 'कि' मध्ये पहिल्यांदा वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलट: जुन्यात तो अक्षरानंतर येतो, कारण टाइप करताना शेवटी डोक्यावर ठेवायचा. युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी. आता 'आर्थिक' घ्या. वेलांटी अलीकडून पलीकडे न्यायची, रफार पलीकडून अलीकडे आणायचा, आणि दोघांनी मध्ये 'थ' चे दोन तुकडे न फोडता एकमेकांना ओलांडून जायचं.

त्यात प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा. काहींत नुसत्या रकाराच्या दोन-तीन आकृत्या, वेगवेगळ्या रुंदीच्या. माझ्याकडे शेवटी चारशेच्या आसपास नियम झाले आणि तरी 'ऱ्ह' फसायचाच.

आणि नियम बरोबर लागले की नाही हे तपासायचं कशाशी ताडून? मूळ सॉफ्टवेअरमध्ये तो शब्द कसा दिसतो ते बघून. त्यासाठी ते चालू हवं. तेव्हा सुईदोरा, तुमचा मार्ग बरोबर आहे. आधी घर हलवा, सामान नंतर लावा.

कंसातला

@टाचणी, 'आर्थिक' वर शरण. पण डीबीएफ तरी वेगळी काढून ठेवा, सुईदोरा. लांब मजकूर असेल तर तो शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असतो, एफपीटी किंवा डीबीटी. ती जोडी तोडू नका.

पेन्शनर३८६

बंद घर हलवण्याची उपमा ऐकून गंमत वाटली. ही कल्पना आपण समजतो तशी नवी नाहीच. आयबीएमने साठच्या दशकातच एका मेनफ्रेमवर अनेक आभासी यंत्रं चालवून दाखवली होती आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. तेव्हाही एक मोठं कारण हेच: नवी प्रणाली आणायची पण जुनी बंद करायची नाही. आपल्या टेबलावरच्या प्रोसेसरना हे नीट जमायला २००५ उजाडलं. इंटेलने तेव्हा प्रोसेसरमध्येच त्यासाठीचं व्हीटी-एक्स दिलं, एएमडीचं पुढच्या वर्षी आलं.

असो. सुईदोरा, तुम्हाला एक धोक्याची खूण सांगून ठेवतो. प्रतिमा उत्तम निघेल, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जोडाल, खालची प्रगतीची पट्टी पुढे सरकेल, तुम्ही आनंदाने कुणाला तरी हाक माराल आणि निळा पडदा येईल. त्यावर स्टॉप, पुष्कळ शून्यं आणि शेवटी ७बी. घाबरू नका. डिस्क खराब नाही. विंडोजला बूट होताना डिस्क नियंत्रकाचा ड्रायव्हर लागतो आणि तिने मूळ बोर्डावर जो चिपसेट होता तेवढाच लक्षात ठेवलेला असतो. व्हर्च्युअलबॉक्स तिला इंटेलचा पीआयआयएक्स४ दाखवतं. म्हणजे लोडर सगळं मेमरीत आणून देतो आणि नंतर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

यावर उतारा आहे. मर्जआयडीई नावाची एक छोटी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) फाइल असते, मूळ मायक्रोसॉफ्टच्याच मदतलेखातली. ती सगळ्या नेहमीच्या आयडीई नियंत्रकांची ओळख रजिस्ट्रीत घालते. मूळ यंत्र चालू असताना ती टाकली, बंद केलं आणि मग प्रतिमा घेतली की ७बी येत नाही.

शून्यशेष

काका, नेमकं हेच मी लिहायला विसरलो आणि वर यंत्र बंद करायला लावलं. माफी.

पेन्शनर३८६

नाही हो, तुमचंच बरोबर. फुगलेल्या कपॅसिटरवर मीही चालू करायला सांगितलं नसतं. बाहेरूनही करता येतं, थोडं जिकिरीचं आहे इतकंच.

उंबरठा

डिस्क२व्हीएचडी वापरा की. चालू यंत्राची थेट व्हीएचडी (व्हर्च्युअल मशीनची डिस्क-फाइल) करतं. मी एक्सपीचं यंत्र असंच हलवलं, अर्ध्या तासात काम तमाम.

शून्यशेष

@उंबरठा, ते विंडोजच्या शॅडो कॉपी सेवेवर अवलंबून आहे आणि ती एक्सपीपासून आली. २००० वर चालणार नाही. एक्सपीवाल्यांनी मात्र जरूर वापरावं, जुनी आवृत्ती शोधून.

उंबरठा

अरे हो, २००० आहे. शीर्षकात लिहिलंय. चष्मा.

पण एका बाबतीत सुईदोरा सुटल्या. एक्सपी असती तर बूट झाल्यावर पहिला निरोप आला असता: तुमचं हार्डवेअर बरंच बदललंय, तीन दिवसांत पुन्हा सक्रिय करा. २००० मध्ये ती भानगडच नाही. नंबर एकदा घातला की संपलं.

कंसातला

सक्रिय करायला लागत नाही म्हणजे परवाना नसला तरी चालतो असं कुणी समजू नये. यंत्रासोबत आलेली ओईएम प्रत त्या यंत्रापुरतीच असते, दुसरीकडे नेता येत नाही. वेगळी विकत घेतलेली खोक्यातली प्रत असेल तर जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते.

सुईदोरा

खोक्यातलीच आहे. सीडी, पुस्तिका, नंबरचा कागद, सगळं आईच्या कपाटात एका पिशवीत. पिशवीवर तिच्या अक्षरात "खिडक्या" लिहिलंय.

रिकामीफ्लॉपी

"खिडक्या" आईंच्या शब्दसंग्रहात नवीन अर्थासकट घ्या अशी नम्र सूचना.

मधलासुट्टी

धागा थोडा पळवतो. माझ्याकडे एम१ वालं मॅकबुक आहे आणि एक जुनी एक्सपी त्यात ठेवायची आहे. व्हर्च्युअलबॉक्स टाकलं की होईल ना?

शून्यशेष

नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुण्याचे (आत चालणाऱ्या विंडोजचे) आदेश तुमचा खरा प्रोसेसर थेट चालवतो. एक्सपी एक्स८६ ची भाषा बोलते, तुमचा एम१ एआरएमची. मध्ये दुभाषी बसवावा लागेल, म्हणजे एम्युलेशन. यूटीएम बघा, ते आतून क्यूईएमयू वापरतं. एक्सपी चालते, पण दर वाक्याला दुभाषी म्हटल्यावर वेग बेताचाच. कागदपत्रं उघडायला पुरेल.

मधलासुट्टी

धन्यवाद. दुभाष्याला चहा पाजत बसतो मग.

सुईदोरा

प्रगतिपुस्तक.

डिस्क काढली. आतमध्ये इतकी धूळ की आधी ब्रश मारायला गॅलरीत नेलं. प्रतिमेचं काम रात्री लावलं. पहिली फेरी पाऊण तासात झाली आणि मग एका जागी अडकून बसली. टक... टक... असा आवाज. मी कॉटवर पडून मोजत होते. सकाळी पाहिलं तर २० जीबीपैकी ४ केबी सोडून सगळं आलेलं.

४ केबी कुठलं गेलं हे कसं कळेल?

शून्यशेष

सुंदर! ४ केबी म्हणजे ५१२ बाइटचे आठ सेक्टर. मॅप फाइलमध्ये त्यांचे पत्ते आहेत. त्या जागी कुठली फाइल होती ते एनटीएफएसच्या साधनांनी शोधता येतं, लिनक्सवर एनटीएफएसक्लस्टर नावाची आज्ञा आहे. मोकळ्या जागेत असेल तर प्रश्नच मिटला.

सुईदोरा

शोधलं. पत्त्यांच्या खेळातली, सॉलिटेअरची फाइल निघाली. आईला हे सांगायचं कसं?

टाचणी

शब्द वाचले आणि पत्ते गेले! फार सुसंस्कृत डिस्क आहे.

पेन्शनर३८६

सीडीवरून सॉलिटेअर पुन्हा टाकता येईल, आईंना काळजी करू नका म्हणावं. (मी स्वतः अजून त्याच्याचसाठी एक जुनी विंडोज बाळगून आहे.)

सुईदोरा

काका, तुमची भविष्यवाणी खरी ठरली. कच्च्या प्रतिमेची व्हीएचडी केली, जोडली, पट्टी सरकली, मी आईला हाक मारली, ती येईपर्यंत निळा पडदा. ७बी.

पेन्शनर३८६

हाक मारू नका असं स्पष्ट लिहायला हवं होतं.

आता सावकाश वाचा. व्हर्च्युअल मशीन बंद करा. विंडोज ११ च्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती व्हीएचडी अटॅच करा, तिला एक ड्राइव्हचं अक्षर मिळेल. रजिस्ट्री एडिटर उघडा, एचकेएलएम निवडा आणि फाइल मेनूतून लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची एक फाइल) करून त्या ड्राइव्हच्या विनएनटी फोल्डरातलं सिस्टम३२, त्यातलं कॉन्फिग, त्यातली सिस्टम ही फाइल घ्या. २००० मध्ये फोल्डरचं नाव विंडोज नसतं, विनएनटी असतं, म्हणून आधीच सांगतो. हाइव्हला काहीही नाव द्या, समजा "जुनी".

इथे एक मेख आहे. मर्जआयडीई फाइलमध्ये सगळीकडे करंटकंट्रोलसेट लिहिलेलं असतं. बंद पडलेल्या विंडोजच्या हाइव्हमध्ये ते नसतंच, ते बूट होताना तयार होतं. तुम्हाला तिथे ००१, ००२ असे संच दिसतील. सिलेक्ट नावाच्या कीमध्ये करंटसमोर जो आकडा असेल तो संच खरा. मर्जआयडीईची फाइल नोटपॅडमध्ये उघडून सगळे मार्ग "जुनी" आणि त्या संचाच्या नावाने बदला. हे न करता तशीच दोनदा टिचकी मारलीत तर ती तुमच्या विंडोज ११ च्या रजिस्ट्रीत जाईल!

झालं की हाइव्ह अनलोड करा, व्हीएचडी डिटॅच करा. हे विसरलात तर व्हर्च्युअलबॉक्स फाइल वापरात आहे म्हणून ओरडेल.

सुईदोरा

दोनदा टिचकी मारणारच होते. बोट उचललं तेवढ्यात शेवटचं वाक्य वाचलं.

केलं सगळं. तरीही ७बी.

पेन्शनर३८६

सिस्टम३२ च्या ड्रायव्हर्स फोल्डरात बघा: अटापी, पीसीआयआयडीईएक्स आणि इंटेलआयडीई या तीन एसवायएस फाइली आहेत का?

सुईदोरा

इंटेलआयडीई नाही.

पेन्शनर३८६

सापडला चोर. रजिस्ट्रीत नाव घातलं पण माणूसच हजर नाही. मूळ बोर्ड इंटेल चिपसेटचा नसणार. त्याच डिस्कवर किंवा सीडीवर ड्रायव्हर डॉट कॅब आहे, त्यातून ती फाइल काढून तिथे ठेवा.

सुईदोरा

!!!!!

आली. आली. विंडोज २००० ची ती पांढरी खिडकी, मग आईचा डेस्कटॉप, त्यावर "ठ_अर्धा" नावाचा फोल्डर.

यावेळी हाक मारली नव्हती. तीच मागे येऊन उभी होती. म्हणाली, "एवढं गप्प कसं चालतंय?" पंख्याचा आवाज नाही म्हणून तिला ते चालू वाटेना.

रिकामीफ्लॉपी

पंख्याच्या आवाजाची ध्वनिफीत लूपवर लावून द्या. अस्सलपणात कसर नको.

उंबरठा

अभिनंदन! आता लगेच तीन गोष्टी: स्नॅपशॉट (आत्ताच्या स्थितीची नोंद) घ्या, गेस्ट अ‍ॅडिशन्स टाका (माउस अडकत नाही, पडद्याचा आकार बदलता येतो), आणि प्रोसेसर एकच ठेवा. एकापेक्षा जास्त दिले तरी त्या जुन्या एचएएलला (हार्डवेअरशी बोलणाऱ्या विंडोजच्या थराला) दुसरा दिसणार नाही. आयओ एपिकचा पर्याय जसा आहे तसाच राहू द्या, मध्येच बदललात तर बूट व्हायचं थांबू शकतं.

कंसातला

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरात बसलेला असतो. लॅपटॉप गेला की दोघंही गेले.

मेणबत्ती

नेटवर्क कार्ड काढलंत का? सेटिंगमध्ये जाऊन अडॅप्टरसमोरची बरोबरची खूण काढून टाका. विंडोज २००० ला २०१० च्या जुलैनंतर सुरक्षेची डागडुजी मिळालेली नाही. २०१७ च्या वॉनाक्रायने फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी१ मधल्याच भोकाचा फायदा घेतला होता, आणि तुमची २००० फक्त तेच एसएमबी१ बोलते.

सुईदोरा

@मेणबत्ती, मग तिच्यातून फाइली बाहेर कशा काढायच्या?

मेणबत्ती

शेअर्ड फोल्डर. गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकल्यात तर नेटवर्क कार्डाशिवाय चालतं. नाहीतर बंद करून व्हीएचडी मघासारखी अटॅच करा आणि हवं ते उचला.

सुईदोरा

आता खरं रडगाणं. सॉफ्टवेअर उघडतं, जुने शब्द दिसतात, पण "चावी सापडली नाही". लॅपटॉपला प्रिंटरचं भोक नाही म्हणून यूएसबी ते पॅरलल वायर आणली, चावी खोचली, यूएसबी यंत्र पाहुण्याला जोडून दिलं. विंडोज २००० ला "यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट" दिसतं. चावी दिसत नाही.

शून्यशेष

ती वायर परत करता आली तर करा. ती पोर्ट नाही, प्रिंटरसाठीचा अनुवादक आहे. चावीचं सॉफ्टवेअर थेट ३७८ या हार्डवेअर पत्त्यावर जाऊन एकेक तार वर-खाली करतं आणि चावी काय उत्तर देते ते बघतं. यूएसबी वायरीत तो पत्ताच नसतो. चावी यूएसबीचीच असती तर आरपार दिली असती आणि काम झालं असतं. सिरियल पोर्टवालेही नशीबवान, त्यांच्या यूएसबी वायरी बहुधा नीट चालतात.

घरात एखादा डेस्कटॉप आहे का? बऱ्याच बोर्डांवर मागे भोक नसलं तरी आत एलपीटी (म्हणजे प्रिंटरचा पोर्ट) लिहिलेल्या पिनांची दुहेरी रांग असते. तिला पट्टीसकट वायर मिळते.

कंसातला

किंवा चावीची तपासणी काढून टाकणारी...

टाचणी

@कंसातला, परवान्यावर प्रवचन देणारे तुम्हीच ना?

कंसातला

कंपनीच अस्तित्वात नाही हो. बरं, शब्द मागे.

सुईदोरा

भावाचा डेस्कटॉप उघडला. एलपीटी पिना आहेत! त्यावर लिनक्स आहे, चालेल?

शून्यशेष

उलट बरंच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एलपीटीचं सेटिंग खिडकीत मिळणार नाही, व्हीबॉक्समॅनेजच्या आज्ञेने द्यावं लागतं: एलपीटी१ साठी पत्ता ३७८ आणि इंटरप्ट ७, आणि एलपीटीमोड१ मध्ये यजमानाचं (बाहेरच्या लिनक्सचं) डेव्ह फोल्डरातलं पारपोर्ट०. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पोर्ट चालू आहे ना तेही बघा. सगळं करूनही चावी मिळाली नाही तर लिनक्सचं एलपी मॉड्यूल उतरवा. ते प्रिंटर समजून पोर्ट अडवून बसतं.

मधलासुट्टी

मी इथे एक्सपीसाठी आलो होतो आणि आता चावी मिळते का हे बघायला दर तासाला येतोय.

पेन्शनर३८६

मी दर अर्ध्या तासाला.

सुईदोरा

उशीर झाला, वायर मागवायला वेळ गेला.

पहिल्यांदा नाहीच मिळाली. बायोसमध्ये पोर्ट बंद होता. चालू केला. तरी नाही. मग शून्यशेष म्हणाले तसं एलपी उतरवलं, व्हर्च्युअल मशीन पुन्हा सुरू केलं, आणि खालच्या पट्टीत "चावी नाही" च्या जागी आईचं नाव आलं. २००१ साली नोंदणी करताना घातलेलं, माहेरच्या आडनावासकट. ते तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

आणखी एक. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सच्या खाली हिरवं कासव दिसायचं आणि सगळं अडखळत चालायचं. डेस्कटॉपवर कासव नाही.

उंबरठा

ते कासव म्हणजे विंडोजचं हायपर-व्ही (तिचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं साधन) आधीच प्रोसेसरवर बसलेलं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या पाठीवरून चालतंय. लिनक्सवर तो प्रश्नच नाही.

टाचणी

छान झालं! आता चावी डेस्कटॉपला, चालतं सॉफ्टवेअर समोर, म्हणजे युनिकोडचा तक्ता करता येईल. मला फाँटची फाइल आणि पन्नासेक शब्दांची छापील यादी पाठवा. 'ऱ्ह', 'ङ्म', 'द्ध्य' असले शब्द मुद्दाम निवडा. माझे चारशे नियम कपाटात पडूनच आहेत.

कंसातला

म्हणजे शेवटी माझं खरं झालं, युनिकोडमध्ये बदलायचंच आहे. (हलके घ्या.)

रिकामीफ्लॉपी

आईंचा अभिप्राय?

सुईदोरा

पडदा बारीक दिसतो म्हणाली, तो दुप्पट करून दिला. मग तिने पहिल्यांदा काय विचारलं सांगू? "ए ड्राइव्ह कुठाय?" दर शुक्रवारी ती फ्लॉपीवर बॅकअप घेते. आम्ही इथे इतक्या गोष्टी केल्या आणि एवढी वर्षं बॅकअप घेणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नाही.

मग १.४४ एमबीची कोरी फ्लॉपी प्रतिमा बनवून जोडली. बॅकअप सुरू झाला, भरली, आणि सॉफ्टवेअरने विचारलं, "डिस्क क्र. २ घाला". आईने सवयीने हात डेस्कटॉपच्या तोंडाशी नेला. मी मेनूतून दुसरी प्रतिमा घातली. असं अकरा वेळा.

रिकामीफ्लॉपी

दुसरी वाचली गेली का ते आधी सांगा.

सुईदोरा

गेली. आई आता "ठ" पुरा करतेय. "ठेंगणा" वर अडलीय, त्याला तिच्याकडे आठ अर्थ आहेत आणि सॉफ्टवेअरमध्ये जागा सहाच.